धीरकाकांची अर्धी जागा

बरं करणं जिथे थकतं आणि दुखणं हलकं करणं उरतं, असा तो वीस खाटांचा वॉर्ड. डॉक्टर दोन, नर्सा आठ, आणि घाबरल्या जिवांना धीर द्यायला माणूस एकच. सगळे त्यांना धीरकाका म्हणत. दुपारी दोनला बैठक होती. काकांची जागा पूर्ण ठेवायची की अर्धी करायची, हे ठरायचं होतं.

दीड वाजता थोरल्या सिस्टरांनी कामाचा तक्ता पाहिला आणि कपाळाला हात लावला. महिन्याचे सत्तर तास! पूर्ण जागेला हवेत एकशे साठ.

त्या तरातरा वॉर्डात आल्या. "काका, उजाडता येता, दिवेलागणीला जाता. बाकीचे तास काय कावळ्याने नेले?"

"वहीत आहेत की," काका म्हणाले.

वहीत 'काय केलं' असा रकाना होता. खाट चार, दोन तास, काही नाही. खाट नऊ, तीन तास, काही नाही. पानंच्या पानं तशीच. तक्ता करताना कारकुनाने त्या ओळी गाळल्या होत्या. त्या बिचाऱ्याचं तरी काय चुकलं?

"अहो, असं कुणी लिहितं का?"

"खोटं कसं लिहू? या मास्तरांना बोलणं नको होतं. नुसता बसलो. त्याला काय काम म्हणायचं?"

"म्हणायचं!" चार नंबरवरून मास्तर खेकसले. "आमच्या हिला दहा मिनिटं गप्प बसवत नाही. हे दोन तास बसले!"

"घरी चला, मग बघते," मोसंबं सोलता सोलता बायको म्हणाली, आणि मग खरंच गप्प झाली.

सिस्टरांनी वही उचलली ती थेट अधीक्षकांच्या टेबलावर आपटली. "साहेब, 'काय केलं' खोडा. 'किती वेळ थांबलात' लिहा. आता करा बेरीज."

कारकुनाने बेरीज केली. दोनशे.

अधीक्षकांनी चष्मा काढला. "मी अर्धी करायला बसलो होतो हो. ही तर सव्वा झाली!"

"मग सव्वा द्या."

"सव्वा माणूस आणू कुठून?"

शेवटी कागदावर उमटलं: एक पूर्ण, एक अर्धवेळ.

बातमी ऐकून काकांचा चेहरा पडला. "दुसरा बोलका निघाला तर?"

"तर तुम्ही शिकवा."

"काय शिकवू?"

"बसायला. मला नाही बाई जमत ते," म्हणत सिस्टर पुढच्या इंजेक्शनाला पळाल्यासुद्धा.