चारुताईंनी हसण्यावारी नेलेलं

रविवारचे साडेनऊ वाजून गेले, तरी फाटकाशी नंदूची स्कूटर वाजली नाही. चारुताईंनी चहाचं आधण दोनदा गॅसवर चढवलं आणि दोनदा उतरवलं. तिसऱ्यांदा चढवायचा त्यांना कंटाळा आला. सलग दुसऱ्या रविवारी नंदू आला नव्हता.

नंदू हा त्यांचा धाकटा भाऊ, पंचावन्न वर्षांचा. इंदूरच्या सांवेर रोडवर प्लास्टिकच्या पाइपांच्या एका कारखान्यात सुपरवायझर. चारुताईंचे यजमान गेले, त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून दर रविवारी सकाळी सुदामा नगरहून राजेंद्र नगरला ताईकडे यायचं, येताना पोहे-जलेबी आणायची, गेलेला बल्ब बदलायचा, सिलिंडर लावून द्यायचं आणि निघेपर्यंत ताईची बोलणी खायची, असा त्याचा नेमच होता. बोलणी खाणं हेही त्या कामांपैकीच एक, असं दोघांनीही कधीपासून धरलेलं होतं.

आता असं काय झालं होतं? झालं होतं ते साऱ्या महाराष्ट्रानं आणि अर्ध्या इंदूरनं टीव्हीवर पाहिलं होतं.

'शब्दजोडी' नावाचा एक कार्यक्रम आहे. घरातल्या दोघांनी जोडीनं जायचं. एकानं कार्डावरचा शब्द पाहून खुणा सांगायच्या, दुसऱ्यानं ओळखायचा. चारुताईंनी शाळेत छत्तीस वर्षं मराठी शिकवलेलं. त्यांना मुंबईचं बोलावणं आलं, तेव्हा जोडीला न्यायला नंदूशिवाय कुणी नव्हतं. "ताई, मला कुठे जमून राहिलंय हे," असं म्हणत का होईना, तो रजा टाकून गेला. शेवटच्या फेरीत 'किल्ली' शब्द आला. "कुलूप कशानं उघडतात?" ताईंनी विचारलं. नंदू म्हणाला, "चाबी!" इंदूरच्या घराघरात, खुद्द चारुताईंच्या घरातही, तिला चाबीच म्हणतात. पण खेळात ते चालेना. "मराठीत सांग!" ताई ओरडल्या. घाबरून नंदू पुन्हा म्हणाला, "चाबी!" आणि वेळ संपली.

मग चारुताईंचा तोल गेला. त्यांनी कार्ड भिरकावलं. घड्याळ पुढे पळतंय म्हणून सूत्रसंचालकाशी हुज्जत घातली. समोरच्या जिंकलेल्या मुलीला "नशिबानं जिंकलीस हो!" असं ऐकवलं. आणि शेवटी कॅमेऱ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "हा आमच्या घरातला ढ! आठवीत दोनदा बसला. दुसरं कुणी रिकामं नव्हतं, म्हणून ह्याला आणला!"

सूत्रसंचालक पोट धरून हसला. प्रेक्षक हसले. नंदूसुद्धा हसला. परतीच्या गाडीत त्यानंच ताईंची बॅग उचलली, खालचा बर्थ मिळवून दिला. म्हणजे त्याला काही वाटलं नाही, असं ताईंनी धरून टाकलं आणि निवांत झोपल्या.

कार्यक्रम लागल्यापासून तेवढाच तुकडा फोनाफोनांतून फिरत होता. कौतुकाचे निरोप वाचून वाचून ताईंचे डोळे दुखायला लागले होते. त्यात आज मराठी मंडळाच्या शामचा फोन आला. "काकू, पुढच्या रविवारी सकाळी हॉलमध्ये तुमचा सत्कार! पूरा इंदूर बघून राहिलंय तुम्हाला. नंदूभियांनाही आणा, मजा येईल." पाठोपाठ वाहिनीवरच्या बाईंचा फोन. खास भागासाठी हीच जोडी पुन्हा हवी होती. "मॅडम, तुम्ही असंच बोला त्यांना. लोकांना फार आवडतंय."

ताईंनी नंदूला फोन लावला. "काम आहे ताई, कारखान्यात," एवढंच तो म्हणाला. रविवारी कारखाना बंद असतो, हे दोघांनाही माहीत होतं. फोन ठेवून ताईंनी चहाचं आधण सिंकमध्ये ओतून दिलं. पेपरांचे गठ्ठे तपासूनही त्या कधी इतक्या थकल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी रिक्षा करून त्या सुदामा नगरला गेल्या. नंदू कामावर होता. त्याची बायको ऋजुता मेथी निवडत बसली होती. तिनं पाणी दिलं आणि पुन्हा जुडी हातात घेतली.

"नंदू रागावलाय का गं?"

"रागावता आलं असतं तर बरं झालं असतं, ताई."

"मग येत का नाही? आणि गमतीत बोलले मी. तो स्वतःसुद्धा हसला ना!"

"मग काय करायला हवं होतं त्यांनी? कॅमेऱ्यासमोर रडायचं?"

ऋजुता आवाज न चढवता सांगत राहिली. "कारखान्यात सगळी हिंदीवाली मंडळी. तो व्हिडिओ त्यांनी पाहिला, पण समजला नाही. तर ह्यांनाच येऊन विचारलं, 'भिया, ये ढ क्या होता है?' ह्यांनी सांगितलं, पढ़ाई में कमजोर को बोलते हैं. स्वतःच सांगितलं, ताई! आता कारखान्याच्या ग्रुपवर ह्यांच्या फोटोखाली 'ढ' लिहिलेलं स्टिकर फिरून राहिलंय. ह्यांनी कुणाला काम सांगितलं, की तो उत्तरादाखल तेच स्टिकर टाकतो. घरी येऊन जेवतात आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहतात."

चारुताई पडल्या मास्तरीण. चूक दिसली की दुरुस्ती सुचायचीच.

"असं करते," त्या म्हणाल्या, "सत्कारात मी सगळ्यांना सांगते, की शाळेत नसेल, पण कामात तो किती हुशार आहे. मशिनींमधलं त्याला सगळं कळतं—"

"नाही कळत." ऋजुतानं जुडी खाली ठेवली. "मशिन बिघडलं की हे मिस्त्रीला बोलावतात. हे हुशार नाहीत, ताई. मला माहीत आहे, त्यांनाही माहीत आहे. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, त्यावाचून माझं कधी अडलं नाही. हुशार निघाले तरच माफी मागणार का तुम्ही? आणि ढच असले तर? मग त्यांना असं बोललेलं चालतं?"

छत्तीस वर्षं प्रश्न विचारण्यात गेली. पण हा प्रश्न चारुताईंना कुणी विचारला नव्हता, त्यांनी स्वतःलाही विचारला नव्हता. शेवटच्या बाकावरची किती पोरं त्यांनी अशीच उभी करून हसवली होती, म्हणजे वर्गाला हसवलं होतं! ती पोरंही हसायची. आपण मुलांना लागेल असं बोलत नाही, असं त्या मास्तरणींच्या खोलीत अभिमानानं सांगायच्या.

"येते मी," त्या म्हणाल्या.

सत्काराच्या रविवारी हॉल भरला होता. नंदूही आला. ताईनं ये म्हटलं आणि तो आला नाही, असं होणंच शक्य नव्हतं. मागच्या रांगेत तो ऋजुताशेजारी बसला. शामनं आधी पडद्यावर तो तुकडा लावला. 'हा आमच्या घरातला ढ!' आणि सगळा हॉल खदखदून हसला. ताईंनी यावेळी पडद्याकडे पाहिलं नाही. त्या नंदूकडे पाहत होत्या. तो हसत होता, आणि हसता हसता दार किती लांब आहे ते पाहत होता. मुंबईला, त्या दिव्यांच्या झगमगाटात, तो असाच हसला असेल. तेव्हा त्यांचं लक्ष घड्याळाकडे होतं.

शाल पांघरायला आलेल्या शामला त्यांनी हातानं थांबवलं आणि माइक घेतला.

"माझ्या भावाबद्दल मला बोलायचंय."

पुन्हा हशा पिकला. आता काय मजा ऐकायला मिळते, म्हणून लोक सरसावून बसले.

"हसू नका!" ताईंचा आवाज वर्गातला होता. "मी जे केलं ते चूक होतं. हरणं मला सोसलं नाही आणि त्याचा राग मी त्याच्यावर काढला, कारण तो उलटून बोलत नाही, हे मला ठाऊक होतं. वाहिनीला मी नाही म्हणून कळवलंय. त्याला चारचौघांत हिणवलं, तर माफीही चारचौघांतच मागायला हवी. नंदू, माझं चुकलं रे. मला माफ कर."

नंदू उभा राहिला. "जाऊ दे ना, ता..." असं सवयीनं म्हणता म्हणता तो थांबला. त्याचा चेहरा हसरा नव्हता.

"लागलं होतं मला, ताई," तो म्हणाला. "टीव्हीवर तर लागलंच. पण मतलब... आधीपासून लागून राहिलंय. आठवीपासून."

चारुताई स्टेजवरून उतरल्या. गुडघे दुखत होते, पायऱ्या उंच होत्या. मागच्या रांगेपर्यंत त्या एकट्याच चालत गेल्या आणि भावापुढे हात जोडून उभ्या राहिल्या. शामनं पडदा गुंडाळायला घेतला.

मंडळी, त्या हॉलमध्ये तुम्हीआम्ही असतो तर आपणही हसलोच असतो. तेव्हा चारुताईंना नावं ठेवायची घाई नको. घराघरात असा एक नंदू असतो. त्याची फजिती आपण पाहुण्यांना खाऊसारखी वाटतो आणि तो हसतो, म्हणून त्याला लागलं नाही असं समजतो. तो हसतो, कारण दुसरं काही करायला आपण त्याला जागाच ठेवलेली नसते. माणसाला मान मिळायला त्याचं हुशार असणं गरजेचं नाही. हे ध्यानात यायला चारुताईंना एकसष्ट वर्षं लागली. त्यांच्या भावाला ताईची माफी ऐकायला बेचाळीस वर्षं वाट पाहावी लागली. एवढा उशीर आपण तरी करू नये!