वजा नऊ

पक्ष.

कुंडलच्या एका हायस्कुलातला नववीचा वर्ग. शेवटून दुसऱ्या बाकावर अंकिता. गणिताला यंदा साताऱ्याहून आलेले अवधूत सर.

पहिल्या दिवशी हजेरी घेताना सर तिच्या नावाशी थांबले होते. “शिवतेजची बहीण ना तू? मग तुला गणित येणारच!”

शिवतेज दहावीला शाळेत पहिला आलेला, आता सांगलीला शिकतो. सरांनी त्याला पाहिलंही नव्हतं. शिक्षकांच्या खोलीत ऐकलेलं बोलून गेले, तेही कौतुकानं. त्या दिवसापासून अंकितानं गणिताच्या तासाला तोंड उघडलं नाही. चुकलं तर भावाचं नाव जाणार. गप्प बसलं तर काहीच जात नाही.

पहिल्या चाचणीत वीसपैकी चार.

साध्य.

अंकिता वर्गात बोलेल.

रचना.

“अवघड काय वाटतं?” मधल्या सुट्टीत सरांनी विचारलं.

“काय न्हाई.”

“मग?”

ती पेपराची घडी घालत राहिली. “मी शिवतेज न्हाई, सर.”

दुसऱ्या दिवसापासून सरांनी वर्गात चुकायचं काम स्वतःकडे घेतलं. रोज फळ्यावर मुद्दाम एक चूक. जो पकडेल त्याला त्या दिवसाचा उरलेला खडू.

वर्ग पेटला. “सर, घावली!” म्हणून बाकावर उभं राहणारा साईराज तर खडू दप्तरात घेऊन हिंडायचा. अंकिता मात्र गप्पच. फक्त वहीत, चुकीच्या ओळीशेजारी, पेन्सिलीचा एक ठिपका.

वह्या तपासताना सरांना ते ठिपके दिसले. एकही चूक सुटलेली नव्हती. त्यांनी शेरा लिहिला नाही. प्रत्येक ठिपक्याशेजारी लाल शाईचा एक ठिपका दिला.

सिद्धता.

शाळेच्या तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब येणार होते. आदल्या दिवशी सर म्हणाले, “उद्या खेळ बंद. उद्या मी चुकणार नाही.”

सर गेल्यावर साईराजनं बजावलं, “आन् चुकलेच तरी गप बसायचं, गड्यांनो. सायबापुढं सरांची लाज जायाची.”

साहेब येऊन शेवटच्या बाकावर बसले. अंकिताच्या बरोबर मागं. सरांनी फळ्यावर घेतलं: क्ष वजा तीन, याचा वर्ग. विस्तार लिहिला. क्षचा वर्ग, वजा सहा क्ष, वजा नऊ.

“आता ताळा पाहू. क्ष म्हणजे पाच. डावीकडं चार. उजवीकडं पंचवीस वजा तीस वजा नऊ...”

वजा चौदा.

सर फळ्याकडं बघत राहिले. परत मांडलं. परत वजा चौदा. खडूचा आवाज थांबला. साईराजनं मान खाली घातली, त्याच्या मागं सगळ्यांनी. साहेबांनी पेनचं टोपण काढलं.

अंकिताच्या वहीत ठिपका पडला होता. पण तो सरांना दिसणार संध्याकाळी. सर अडकले होते ते आत्ता.

ती उभी राहिली. पाय बाकाला लागला, कंपास पेटी खाली पडली.

“सर, नऊ अधिक पायजे. वजा गुणिले वजा हाय तिथं.”

“अगं ए...” साईराज पुटपुटला.

सरांनी वजा पुसलं, अधिक केलं. चार. दोन्हीकडं चार. सुटका झाल्यासारखे ते हसले.

“मुद्दाम चुकला होता का?” साहेबांनी विचारलं.

“नाही साहेब. खरंच चुकलो.” सर बाकांमधून चालत आले आणि खडू अंकिताच्या हातात दिला.

साहेबांनी हजेरीपटात आडनाव पाहिलं. “अरे, दहावीला पहिला आलेल्या शिवतेजची बहीण का ही?”

“ही अंकिता,” सर म्हणाले. “शिवतेज हिचा भाऊ.”

ताळा.

पुढच्या चाचणीत वीसपैकी अकरा. पहिली नाही, पाचवीही नाही.

शनिवारी अंकिता आपणहून फळ्यापाशी गेली. तोच खडू घेऊन तिनं उदाहरण सोडवायला घेतलं आणि तिसऱ्या ओळीत चुकली.

“घावली!” साईराज बाकावर चढला. “अंकीची चूक घावली!”

सगळा वर्ग हसला. तीही हसली, चूक बोटानंच पुसली, आणि खडू त्याच्याकडं फेकला.

“घे रं. आता तू चुकून दाव.”