डावीकडच्या तारा

सावद्याच्या सुरेशचंद शेठांच्या हार्डवेअर दुकानात बसून खाणारा नोकर टिकत नाही. तोच कायदा त्यांनी शिडाच्या होडीला लावला.

होडी जुनी. मुंबईच्या एका कप्तानाने समुद्र सोडला, तेव्हा शेठांनी ती ट्रकवर घालून हतनूरच्या धरणात आणून सोडली. पत्नी चंदनबाई दोन उन्हाळे तिकडे फिरकल्या नाहीत. अखेर म्हणाल्या, "एकदा बसेन. पण दिवस मावळायच्या आत माझं जेवण झालं पाहिजे. चुकलं, तर होडी विकायची." सूर्यास्तानंतर त्या पाण्याचा घोटही घेत नाहीत, हे अख्ख्या पेठेला ठाऊक.

डोलकाठीला चहूकडून ताणून धरणाऱ्या पोलादी तारा गंजल्या होत्या. त्या बदलण्याआधी शेठ केळीवाल्या पंडितला घेऊन एक फेरी मारून आले. वारा उजवीकडून होता. उजव्या तारा ताठ, डाव्या लोंबत होत्या.

"शेठ, ह्या डावीकडच्या कायले ठेवल्या? नुसत्या झोके घेऊन राह्यल्या."

"कप्तानाने लावल्यात."

"त्याले काय, पगारी माणूस! केळीचा घड जिकडे झुकते, त्याच्या उलट बाजूनं आम्ही दोर बांधतो. दोन्हीकून कोन बांधते?"

परतताना वारा पडला. मासेमाराने होडी ओढून आणली, त्यामुळे डाव्या तारांना आपली बाजू मांडायला मिळालीच नाही. पुढच्या, मागच्या आणि उजव्या तारा नव्या आल्या. डाव्यांना कायमची रजा.

"सुटसुटीत झालं," शेठ म्हणाले.

ठरल्या दिवशी शेठ आणि पंडितसोबत चंदनबाई कापडी पिशवी घेऊन बसल्या. जाताना होडी झकास पळाली. त्या चक्क "बरं आहे" म्हणाल्या. शेठांनी होडी घराकडे वळवली, तसा वारा डावीकडून आला आणि डोलकाठी उजवीकडे वाकायला लागली.

"शेठ," पंडित ओरडला, "घडानं बाजू बदलली!"

दोघांनी घाईघाईने शीड उतरवलं. डोलकाठी वाचली. होडी मधोमध थांबली. दिवस कासराभर उरला होता, वल्हं एकच होतं आणि काठ लांब. शेठ मनातल्या मनात गिऱ्हाईक शोधू लागले.

चंदनबाईंनी पिशवीतून डबा काढला. खाकरा, मेथीची चटणी, पाण्याची बाटली. सावकाश जेवल्या. एक खाकरा पंडितला दिला.

"डबा आणलास?" शेठ.

"तुमच्यासोबत निघाले की आणतेच. भुसावळला जाताना नव्हता का आणला?"

"मला एखादा?"

"तुम्ही वल्हवा."

पाण्याचा शेवटचा घोट घेऊन त्यांनी हात जोडले. मग सूर्य बुडाला.

"डावीकडं पण नव्या तारा लावा," त्या म्हणाल्या. "आणि दुसरं वल्हं घ्या. पुढच्या वेळी पंडितभाऊंना बसून खाऊ द्यायचं नाही."

 शेठांचं वल्हं जोरात चालू लागलं.