थोरलीचा फोन

मित्रांनो, मी स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा एक जुना टेलिफोन आहे. अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या या घरात परवीनदुख्तबाईंनी मला बसवलं ते एकाच माणसासाठी. त्यांची थोरली बहीण महलका इराणात, शिराजला राहते. घरात मोबाइल आले तेव्हा मला काढायची भाषा निघाली, पण बाई ऐकेनात. थोरलीला हाच नंबर पाठ आहे म्हणाल्या.

दर शुक्रवारी बाई स्टूल ओढून माझ्याजवळ बसायच्या. फोन नेहमी धाकटीनेच करायचा आणि थोरलीने वाट पाहायची, असा त्यांच्यात थोरलीचा मान. निम्मं बोलणं "तुझ्यावरून जीव ओवाळून टाकते" यातच जायचं. उरलेल्यात गुडघेदुखी आणि वाळवलेली मेथी. माझा रिसीव्हर बाईंच्या कानाच्या उबेने गरम व्हायचा. ते माझे सुखाचे दिवस.

मग त्यांच्या मुलीला, गुलनारला, नौदलाच्या जहाजांवर काम करायची संधी आली. त्यासाठी गुप्त कामाचा सरकारी परवाना लागतो. परदेशात कोण नातेवाईक आहेत, हे सरकार आधी विचारतं. उद्या तिकडे कुणी मावशीला धरून भाचीवर दबाव आणला तर, ही भीती. गुलनारने मावशी, शुक्रवारचे फोन, सगळं खरं सांगितलं. आईलाही बजावलं, "फोन बंद करू नकोस हं. त्यांना लपवाछपवी चालत नाही, एवढंच."

पण बाईंच्या मनात धास्ती बसली. आपल्या बहिणीपायी पोरीचं नशीब अडायला नको, म्हणून त्या शुक्रवारी स्टूल ओढलंच गेलं नाही. पुढच्याही नाही. मी भिंतीवर नुसता टांगलेला. फार एकटं वाटायचं.

नवरोजला, म्हणजे इराणी नववर्षाला, वर्ष पालटलं त्याच क्षणी मी वाजलो. थोरलीने आपला मान गुंडाळून ठेवून स्वतः फोन केला होता. बाई धावत आल्या, रिसीव्हरवर हात ठेवला आणि उचलला मात्र नाही. मी वाजत राहिलो. त्यांचा हात थरथरत होता. शेवटी मीच गप्प झालो.

पुढे चौकशी अधिकारी घरी आले. बाईंनी चहा आणि पिस्ते पुढे केले. अधिकाऱ्यांनी बहिणीचा विषय काढला.

"बहिणीशी आमचा काही संबंध नाही," बाई म्हणाल्या.

"मुलगी तर म्हणते, दर शुक्रवारी बोलता."

बाई खाली मान घालून चहा ओतत राहिल्या. अधिकारी चहा न पिताच गेले.

परवाना अडला. मावशीमुळे नव्हे, मायलेकींच्या सांगण्यात मेळ नव्हता म्हणून. गुलनार रागावली नाही, तेच बाईंना जास्त लागलं. तिने स्टूल ओढलं आणि म्हणाली, "त्यांना मी पुन्हा सगळं खरं सांगेन, मग मिळो न मिळो. तू आधी मावशीला फोन लाव."

बाईंनी लावला. "ताई, तुझ्यावरून जीव ओवाळून टाकते," एवढं बोलून त्या रडायलाच लागल्या.

पलीकडून थोरलीचा आवाज आला, "आपली कृपा आहे, बाईसाहेब. घरी सगळे बरे ना?"

दारात आलेल्या परक्या माणसाशी बोलावं तसं, गोड आणि कोरडं. इतक्या वर्षांत असलं बोलणं माझ्या तारेतून कधी गेलं नव्हतं.

बाई अजून दर शुक्रवारी फोन करतात. थोरली अजून बाईसाहेबच म्हणते. मित्रांनो, माझी एक विनवणी ऐका. प्रेमापोटीसुद्धा वाजता फोन असा दाबून धरू नका. पलीकडच्या माणसाला नुसती घंटा ऐकू येते, तुमचा थरथरणारा हात त्याला दिसत नाही.