देवनागरीतलं स्पॅनिश

सप्टेंबरमध्ये शाळेकडून आलेल्या फॉर्मवर दोन चौकोन होते. पहिला, स्पॅनिश हा फक्त आठवीचा विषय म्हणून. दुसरा, हायस्कूलच्या क्रेडिटसाठी, म्हणजे अमेरिकन पद्धतीप्रमाणे नववीपासूनच्या हायस्कूलमध्ये हा विषय आधीच जमा. दुसऱ्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की या विषयाचे गुण आणि शेरे हायस्कूलच्या कायमच्या रेकॉर्डमध्ये जातील, नंतर काढता येणार नाहीत. आठवीचं बाकी सगळं आठवीतच संपतं. मी ते दोनदा वाचलं आणि मला बरं वाटलं. कायमचं राहतं ते चांगलंच असणार, असं मी धरून चालले होते.

ईश्वरी म्हणाली, "आई, मला फर्स्ट बॉक्स हवाय."

"का?"

"बिकॉज देन इट डझन्ट मॅटर."

"म्हणूनच दुसरा," मी म्हटलं आणि खूण केली.

खालच्या मजल्यावरच्या गिरिजाची शुभ्रा एक वर्ष पुढे होती. तिने हे क्रेडिट आदल्याच वर्षी मिळवलं होतं. लिफ्टमध्ये गिरिजा मला म्हणाली होती, "आठवीतच नववीचं काम उरकतं गं. पुढे कॉलेजवाले बघतात हे सगळं." इथे आखातात, सिलिकॉन ओएसिसमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये, असे निर्णय बहुतेक लिफ्टमध्येच होतात.

माझा नवरा निनाद मुसफ्फ्याच्या औद्योगिक भागात एका फॅब्रिकेशन कंपनीत आहे. आठवडाभर तिकडेच राहतो, शुक्रवारी घरी येतो. फोनवर तो हसला. "अरबी आहे, हिंदी झालं, आता स्पॅनिश. यूएनचं ऑफिस काढायचंय का घरात?"

ऑक्टोबरच्या चाचणीत तिला अठ्ठावन्न मिळाले. क्रेडिटसाठी अंतिम परीक्षेत ऐंशी लागणार होते. चूक कुठे होतेय ते मी बघितलं. ती स्पॅनिश शब्द इंग्रजीसारखे वाचत होती. डोळ्यांना एक दिसायचं, कानांना दुसरं ऐकू यायचं आणि डोक्यात दोन्हीपैकी काहीच राहायचं नाही. पाचवीपर्यंत तिला हिंदी होतं, त्यामुळे देवनागरी वाचता येत होती. मग मी एक पद्धत बसवली. स्पॅनिशच्या बाईंची रेकॉर्डिंग्ज मी हेडफोन लावून ऐकायची आणि ऐकलेलं जसंच्या तसं देवनागरीत लिहायचं. तुवे, तुविस्ते, तुवो. फुई, फुइस्ते, फुए. आधी उच्चार पाठ, मग स्पेलिंग. अर्थ तिला वर्गात कळलेले असायचे, म्हणून मी ते लिहीत नसे. मला स्वतःला एकही शब्द येत नव्हता. मी फक्त आवाज उतरवत होते.

पद्धत चालली. डिसेंबरमध्ये एकाहत्तर, मार्चमध्ये अठ्ठ्याहत्तर. तोंडी परीक्षेत बाईंनी तिच्या उच्चारांचं कौतुक केलं. ईश्वरीने हे सांगितलं तेव्हा ती हसत नव्हती. "सगळे फनमध्ये शिकतात, आई. मी एकटीच हिंदीच्या पेपरसारखं करते."

"अठ्ठ्याहत्तर फनमध्ये आले नाहीत."

"टू मार्क्स. टू मार्क्स शॉर्ट," ती म्हणाली. "यू विल डाय."

मी हसले. ती चेष्टा करतेय असं मला वाटलं.

जूनमध्ये परीक्षेच्या सकाळी मी एका पानावर नऊ क्रियापदांची भूतकाळाची रूपं शेवटची म्हणून लिहिली आणि तिच्या कापडी पाऊचमध्ये पेनांखाली ठेवली. बसमध्ये एकदा बघ आणि लॉकरमध्ये टाक, असं सांगायचं होतं. पण लिफ्टमध्ये शेजारी होते, खाली बस उभी होती, सांगायचं राहून गेलं.

साडेअकराला शाळेतून लॅबमध्ये फोन आला. मी पाण्याच्या तपासणीचं काम करते. त्या वेळी माझ्यासमोर एका लेबर कॅम्पच्या टाकीचे सहा नमुने होते. परीक्षेत ईश्वरीच्या पाऊचमधून पेन काढताना कागद खाली पडला होता. तुम्ही येऊ शकता का, असं त्यांनी विचारलं.

गाडीतून मी निनादला फोन केला.

"तूच ठेवलास ना? मग प्रॉब्लेम काय?" तो म्हणाला. "जा आणि सांग. पोरीला माहीतच नव्हतं, खलास."

"नव्हतंच माहीत."

"मग झालं तर."

ऑफिसात फहद सर होते, शाळेचे उपप्राचार्य. त्यांनी मला आधी पाणी दिलं. स्पॅनिशच्या बाई बाजूला बसल्या होत्या, प्रश्नपत्रिका मांडीवर. ईश्वरी कोपऱ्यातल्या खुर्चीवर होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

फहद सरांनी सगळं शांतपणे समजावलं. कॉपी ठरली तर पेपरला शून्य आणि तसा शेरा. दुसरा कुठलाही विषय असता तर शेरा आठवीबरोबर जूनमध्येच संपला असता. पण हा विषय हायस्कूलचा, म्हणून शेराही हायस्कूलचा. चार वर्षांनी कॉलेजांना पाठवायच्या कागदात तो दिसणार. त्यांनी सप्टेंबरचा फॉर्म माझ्यापुढे ठेवला. दुसऱ्या चौकोनात माझी खूण होती.

"पण कागद तिच्या नकळत ठेवला गेला असेल," ते म्हणाले, "तर गुरुवारी पुन्हा परीक्षा. तेवढंच. इन्शाल्ला आजच संपवू."

ते आमच्या बाजूने होते. हे मी मुद्दाम लिहिते, कारण त्यानंतर जे झालं त्यात त्यांचा दोष नाही.

कागदावर काय आहे ते स्पॅनिशच्या बाईंना वाचता येत नव्हतं. म्हणून हिंदीच्या दर्शना मॅडमना बोलावलं होतं. त्या आल्या, त्यांनी चष्मा लावला आणि वर्गात धडा वाचावा तशा वाचू लागल्या. "तुवे, तुविस्ते, तुवो. फुई, फुइस्ते, फुए." मध्येच थांबून त्या म्हणाल्या, "हे हिंदी नाहीये. मराठी आहे का?"

त्यांना काही समजत नव्हतं आणि स्पॅनिशच्या बाईंना सगळं समजत होतं. बाई प्रश्नपत्रिकेवर पेन्सिलने एकेक टिंब देत गेल्या. शेवटची ओळ होती, "दिहे, दिहिस्ते, दिहो." नऊपैकी सहा क्रियापदं चौथ्या प्रश्नात आली होती.

"अक्षर माझं आहे," मी म्हटलं. "सकाळी मीच ठेवला. तिला सांगितलं नव्हतं."

स्पॅनिशच्या बाईंनी मान हलवली. त्यांचा विश्वास बसला होता, मला दिसलं ते. फहद सरांनी पेन उघडलं. मग त्यांनी कागद आधी होता तसा दुमडला, माझ्या हातात दिला आणि विचारलं, "हा असाच ठेवला होता तुम्ही?"

आमच्या लॅबमध्ये वर्षातून दोनदा ऑडिट होतं. ऑडिटर बाटली हातात देतात आणि नेमकं हेच विचारतात. सील करताना ही अशीच होती का? पंधरा वर्षं मी या प्रश्नाला बघून उत्तर देत आले आहे.

मी बघितलं. दोन बोटं रुंद, उभी पट्टी होती. क्रियापदांचा रकाना बाहेरच्या अंगाला.

"नाही," मी म्हटलं. "ही घडी माझी नाही. मी कागदाची चौघडी करते, फिल्टर पेपरसारखी."

वाक्य पूर्ण झाल्यावर मला कळलं की मी काय सांगितलं.

स्पॅनिशच्या बाईंनी कागद घेऊन उजेडात धरला. पट्टीच्या करकरीत घड्यांच्या मधून माझ्या चौघडीच्या दोन रेषा अंधुक दिसत होत्या. ईश्वरीने आता माझ्याकडे बघितलं, पहिल्यांदाच.

"मीच परत घातली असेल," मी म्हटलं. "सकाळी घाई होती. नीट आठवत नाही."

पेन तसंच धरून फहद सरांनी ईश्वरीला विचारलं, "तू दुमडलास?"

"येस."

"कुठे?"

"बसमध्ये."

"पेपरमध्ये बघितलास?"

ती म्हणाली, "टू वर्ड्स."

दोनच शब्द. हे मला खरं वाटतं. बाकीचे तिला येत होते.

"आय ॲम सॉरी, मॅडम," फहद सर म्हणाले आणि लिहायला लागले.

पार्किंगमध्ये निनादचा फोन आला. त्याच्यामागे ग्राइंडरचा आवाज होता.

"तुला घडीचं विचारलं होतं का कुणी?"

"नाही. असाच होता का, एवढंच विचारलं."

"मग हो म्हणायचं. एक शब्द, प्रमिला. एक."

"सुचलं नाही."

"हो म्हणायला काय सुचायला लागतं?" मग, "पोरगी कशी आहे?"

ईश्वरी मागच्या सीटवर बसली होती. एरवी पुढे बसते. मी "बरी आहे" म्हणून फोन ठेवला.

रस्त्यात ती एकदाच बोलली. सिग्नलला गाडी थांबली होती. खिडकीकडे तोंड करून, स्वच्छ उच्चारात ती म्हणाली, "पोर के लो दिहिस्ते?"

"काय?"

मी विचारलं खरं. पण मला ऐकू आलं होतं. यातला शेवटचा शब्द माझ्या ओळखीचा होता. नववी ओळ, दुसरा शब्द. मी तो वर्षभरात कितीदा ऐकला, कितीदा लिहिला. अर्थ मला माहीत नव्हता.

घरी आल्यावर मी ते वाक्य आधी देवनागरीत उतरवून घेतलं, विसरू नये म्हणून. मग फोनवर शोधलं. तू ते का सांगितलंस, असा त्याचा अर्थ होता.

मी तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. मी काही ठरवून केलं नाही, तोंडून निघून गेलं, हे तिला सांगायचं होतं. पण त्याने तिचं काय होणार होतं? ठरवून केलं असतं तर निदान एक कारण तरी देता आलं असतं. दार बंद होतं. मी वाजवलं नाही.

ऑगस्टच्या शेवटी नववीचा फॉर्म आला. या वेळी तो ईश्वरीने एकटीने भरला. मी ओट्यापाशी उभी होते. तिने कागद माझ्यासमोर ठेवला, बरोबर मध्ये दुमडून पुन्हा मध्ये दुमडलेला.

"युअर फोल्ड," ती म्हणाली. "चेक कर."

मी उघडला. आधीच्या नोंदींच्या रकान्यात शाळेने छापलं होतं, स्पॅनिश १, क्रेडिट शून्य. त्यापुढे शेऱ्याची एक ओळ होती. खाली या वर्षीच्या विषयांत तिने पुन्हा स्पॅनिश १ घेतलं होतं, तेच पुस्तक, वयाने लहान मुलांबरोबर. स्पेलिंगची एकही चूक नव्हती.

"या वर्षी उच्चार लिहून देऊ का?" मी विचारलं.

"नो, थँक यू," ती म्हणाली.

मी सही केली, तारीख घातली आणि फॉर्म त्याच घड्यांवर मिटून तिला परत दिला.