निळा रंग टिकवणारं दूध

तळा गावातल्या दूध शीतकरण केंद्रात मृणाली भोईर कामाला लागली, त्याला चार महिने झाले होते. थळची मुलगी, वडील मच्छीमार. डिप्लोमाला जाईपर्यंत तिचा दुधाशी संबंध चहापुरताच. केंद्रात तिच्याकडे तपासणीचं काम होतं. प्रत्येकाच्या किटलीतलं थोडं दूध काचेच्या नळीत घ्यायचं, त्यात निळं औषध घालायचं, नळ्या कोमट पाण्यात ठेवायच्या आणि घड्याळाकडे लक्ष ठेवायचं. दुधात जंतू जितके जास्त, तितका निळा रंग लवकर उडतो. बहुतेक नळ्या दोन तासांत पांढऱ्या व्हायच्या.

एक नळी मात्र पाच-पाच तास निळीच राहायची. रोज. नाव होतं कोकिळा धाडवे, कोंडवाडी.

"काहीतरी घालत असणार ती बाई," केंद्रप्रमुख परेश म्हणाला. "दूध टिकावं म्हणून लोक काय वाट्टेल ते घालतात. कोंडवाडी सगळ्यांत लांब. सदाचा टेम्पो तिथूनच भरायला सुरुवात करतो, म्हणजे तिचं दूध गाडीत सगळ्यांपेक्षा जास्त वेळ. आणि तेच सगळ्यांत चांगलं? पटतंय तुला?"

मृणालीला पटत नव्हतं. तिने दुधात सोडा आहे का पाहिलं, पेरॉक्साइड आहे का पाहिलं. दूध स्वच्छ निघालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासलं, पुन्हा तेच. तेव्हा परेश म्हणाला, "मग आपल्याला सापडत नाही असं काहीतरी असेल." हे वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. तिसऱ्या दिवशी पहाटे ती सदाच्या शेजारी टेम्पोत बसली.

कोंडवाडीत पंधरा-सोळा घरं. रस्त्याच्या कडेला दहाबारा किटल्या आधीच मांडून ठेवलेल्या होत्या आणि त्यांच्यावर ऊन आलं होतं. कोकिळाबाईंची किटली त्यांत नव्हती.

"ती गाडी बघितल्याशिवाय आणत न्हाय," सदा म्हणाला आणि त्याने दोनदा हॉर्न वाजवला.

खालच्या झाडीतून साठीच्या आसपासची एक बाई किटली घेऊन वर आली. नऊवारीचा काष्टा गुडघ्यापर्यंत ओला. किटलीतून पाणी ठिबकत होतं. मृणालीने किटलीला हात लावला तर ती गार.

"काकी, ही कुठे ठेवली होती?"

"पऱ्यात." बाईंनी झाडीकडे मान वळवली. "तू कोण गं बाय? सायेब हायस का?"

"मी दूध तपासते. तुमचंच दूध बघायला आले."

कोकिळाबाईंचा चेहरा उतरला. "का? खराब झालं?"

"नाही हो. फार चांगलं आहे. का चांगलं आहे, तेच बघायचंय."

सदाला पुढे जायचं होतं. मृणालीने त्याला दुपारी रिकाम्या किटल्या परत द्यायला येताना न्यायला सांगितलं आणि ती वाडीतच राहिली.

कोकिळाबाईंनी तिला पऱ्या, म्हणजे झरा, दाखवला. बारमाही पाणी. त्याखाली दगडात कोरलेली डोणी आणि डोणीत किटली अडकवायला दोरी. मग उताराच्या खालच्या अंगाला गोठा. दोन म्हशी, एक आटलेली गाय. धुऊन पालथी घातलेली भांडी मांडवावर उन्हात वाळत होती. दूध गाळायचं फडकं दांडीवर होतं, तेही उकळून काढलेलं.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"कोन शिकवनार? एकदा उन्हाळ्यात माझं दूध रोज नासायला लागलं. म्हटलं, बगू तरी. एकाच धारेचं दूध दोन तांब्यांत घेतलं. एक घरात ठेवला, एक पऱ्यात. घरातला दुपारीच फुटला. पऱ्यातला सांजपतूर टिकला." बाई सांगताना बोटं हलवत होत्या. "मंग फडक्याचं बगितलं. एक नुसतं धुतलेलं, एक उकळलेलं. मंग पैल्या धारांचं. पैल्या चार धारा येगळ्या काडून दही लावलं, त्याला वास आला. तवापासून त्या मांजराला."

"म्हणजे दर वेळी एकच गोष्ट बदलली? बाकी सगळं तसंच ठेवून?"

"दोन बदलल्या तर कळनार कसं, कशानं झालं ते?"

मृणाली हसू लागली. कॉलेजात हेच शिकायला तिला अख्खं एक सत्र लागलं होतं.

केंद्रात परतल्यावर तिने परेशला सगळं सांगितलं. "मी बाईंवर उगाच संशय घेतला," तो म्हणाला. "पण त्यांच्या सहा लिटरने काय होणार? इथे सगळ्यांचं दूध एकाच टाकीत पडतं."

"सहा लिटरने नाही होणार. पण वाडीतल्या सगळ्यांनी केलं तर?"

वाडीने लगेच ऐकलं नाही. एवढं चालत पऱ्यावर कोण जाणार, असं लोक म्हणाले. शेवटी कोकिळाबाईंनीच तोड काढली. दोन घरांनी एकमेकांच्या किटल्या आळीपाळीने न्यायच्या. पहिल्या आठवड्यात तिघी तयार झाल्या, महिन्याभरात सगळी वाडी. मृणालीने कोंडवाडीचं दूध पंधरा दिवस वेगळं तपासलं. निळा रंग चार तासांच्या आत एकदाही उडाला नाही. परेशने ते आकडे दुधाची पावडर करणाऱ्या कारखान्याला पाठवले, आणि तिकडून निरोप आला की त्या बाईंना घेऊन या.

कारखान्यात कोकिळाबाई काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. आधी आटवलेलं दूध उंच मनोऱ्यात वरून फवाऱ्यासारखं पडत होतं, खालून गरम हवा येत होती, आणि तळाशी पीठ जमत होतं.

"एवड्यातल्या एवड्यात वाळतंय?" त्यांनी तीनदा विचारलं.

प्रयोगशाळेतल्या प्राचीमॅडमनी दोन ग्लासांत कोमट पाणी घेतलं. एकात कारखान्याची पावडर, दुसऱ्यात एका परदेशी डब्यातली. परदेशी पावडर पाण्यात सरळ उतरली. इथलीही विरघळली, पण तळाला बारीक करडे कण राहिले आणि किंचित शिळा वास आला.

"त्यांचं मशिन भारी आसंल," कोकिळाबाई म्हणाल्या.

"मशिन जवळपास सारखंच आहे, काकी. यंत्र दुधातलं पाणी काढतं, खराब झालेलं दूध चांगलं करू शकत नाही. उलट दूध आंबट असेल तर ते तापताना फुटतं, चिकटतं, करपतं."

"मंग त्यांच्या दुधात काय येगळं?"

"बरंच काही. जनावरांना हिरवा चारा, आजारी जनावराचं दूध बाजूला, आणि प्रत्येक टप्प्यावर तपासणी."

"आनि गार किती येळात करतात?"

"लगेच. गोठ्यातच. काढलेलं दूध नळीतून थेट थंड टाकीत जातं."

कोकिळाबाईंनी बोटांवर हिशोब केला. मग मृणालीकडे वळून म्हणाल्या, "गोठ्यापासनं आमचा पऱ्या दोनशे पावलं हाय. दोन म्हशींचं हुईस्तवर आनि तिथवर जाईस्तवर अर्धा तास जातो."

परत येऊन तळ्याला उतरताच त्या सरळ हार्डवेअरच्या दुकानात शिरल्या आणि काळ्या पाइपचं भेंडोळं बोटाने दाबून पाहू लागल्या.

दिवाळीनंतर मृणाली वाडीत गेली, तेव्हा झऱ्याचं पाणी उतारावरून पाइपने गोठ्याच्या दारात आलेलं होतं. तिथे सिमेंटची नवी डोणी होती. एका म्हशीचं दूध पाण्यात ठेवलेलं होतं, दुसरीची धार चालू होती. पाइपवर गवताचा पेंढा बांधलेला होता, पण अर्ध्याच लांबीवर.

"हे अर्धंच का, काकी?"

"उनानं पाइपातलं पानी तापतं," धार न थांबवता कोकिळाबाई म्हणाल्या. "पेंड्यानं किती फरक पडतो, ते अजून बगायचंय. तू थर्मामीटर आनलंस का गं?"