बिनकानाचा पेला

माझे सासरे इसहाकमियाँ तरुणपणी आगबोटीवर खलाशी होते. कोळसा भरायला बोट एडनला थांबली, तेव्हा त्यांनी धक्क्यावर उतरून बिनकानाचे पेले विकत घेतले. तेवढ्या भांडवलावर ते जन्मभर श्रीवर्धनात अरबांचे जाणकार म्हणून मिरवले.

एकतीस साली मुंबईच्या गोदीतलं काम सुटलं आणि माझा नवरा घरी येऊन बसला. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. त्याचं नाव रफिक. बापलेक समोरासमोर आले की भांडण ठरलेलं. अशात बंदरात बसऱ्याचं गलबत लागलं. त्याच्या नाखव्याला तिकडच्या वखारीत माणूस हवा होता. रफिकला ते काम मिळावं म्हणून मी रोज दुवा मागायला लागले, नाहीतर या दोघांत माझाच भुगा झाला असता.

सासऱ्यांनी नाखव्याला घरी बोलावलं. रफिकला आधीच दम भरला, "तू नुसता गप रव. अरबांची रीत तुला काय ठाव हाय?"

मी पडद्याआड कावा, म्हणजे अरबांची बिनदुधाची कॉफी, उकळत होते. नाखवा कावा प्याला आणि त्याने रिकामा पेला बोटांत धरून हलकेच हलवला.

"बघितलास? अजून मागतोय!" सासरे खूश झाले आणि त्यांनी पेला भरला.

तो प्याला, पुन्हा हलवला. सासऱ्यांनी पुन्हा भरला. आमच्याकडे पाहुण्याचं भांडं रिकामं राहिलं तर यजमानाचं नाक कापलं जातं, आणि सासऱ्यांचं नाक आधीच लांब. नाखवाही भल्या घरचा असावा, ओतलेलं टाकत नव्हता. दोन सभ्य माणसं एकमेकांचा जीव घेत होती. त्याच्या कपाळावर घाम फुटला, पेला तर थंडी वाजल्यासारखा हलत होता.

"केवढी आवड हाय बघ!" सासरे म्हणाले.

मला रडू यायला लागलं. हा इथेच ओकला, तर या घरातला माणूस तो कशाला नेईल?

तेवढ्यात रफिक उठला. त्याने बापाच्या हातातली किटली काढून घेतली आणि पेल्यावर तळहात ठेवला.

"बावा, पुरे. त्याचा तोंड तरी बघा!"

नाखव्याने मोठा श्वास सोडला. मोडक्या हिंदुस्तानीत म्हणाला, "हमारे मुल्क में पेला हिलाया, मतलब बस." मग रफिककडे बोट केलं. "ये चलेगा. ये मुँह देखता है."

"एडनात रीत वेगळी हाय," सासरे त्यानंतर येईल त्याला सांगत सुटले. रफिकशी मात्र त्यांनी बोलणंच टाकलं.

गलबत सुटायच्या सकाळी रफिकची पेटी दारात होती आणि खाली धक्क्यावरून हाका येत होत्या. सासऱ्यांनी तोच पेला त्याच्यापुढे ठेवून चहा ओतला. तो प्याला. त्यांनी पुन्हा ओतला. तो पुन्हा प्याला. म्हाताऱ्याची नजर लेकावर होती, निम्मा चहा बशीतच सांडत होता. हाका वाढल्या तरी त्यांचं ओतणं थांबेना.

बस म्हणायची खूण एव्हाना आमच्या आळीतल्या पोराटोरांनाही पाठ होती. रफिकने पेला हलवला नाही.

त्याने जावं म्हणून दुवा मागणारी मीच. मी आत गेले आणि चुलीवर आणखी एक आधण ठेवलं.